नदीनं नेलेलं

"पोरी, नदीनं नेलेलं मोजायचं न्हाई. माहेराला आलेल्या लेकीनं काय काय नेलं, ते आई मोजती व्हय?"

दौलूआप्पांचं हे बोलणं ऐकलं तेव्हा वैजयंता आठ वर्षांची होती, आणि वाघजे गावच्या बंधाऱ्यातल्या लाकडी फळ्या, म्हणजे बरगे, आप्पा स्वतःच्या हातांनी काढत होते. आज तेच आप्पा, ती नोकरी करत होती त्या खोरे नियंत्रण कक्षात, टोपी मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसले होते. त्यांनी तिला केव्हाच ओळखलं होतं. तिचीच मान वर होत नव्हती.

भिंतभर पडद्यावर तांबजाई नदी वळणं घेत उमटली होती. तिच्यावरचे दोनशे बारा बंधारे आता 'जलमेंदू' नावाचा संगणक चालवत होता. बरगे गेले, मोटारीवर उघडणारी दारं आली.

"आमची दारं आमच्या हातात द्या," आप्पा म्हणाले. "नऊ वर्सं झाली, दर पुराला पाणी आमच्यातच तुंबतंय. उद्याबी तुंबणार म्हणं."

"हो, उद्या दुपारी," डॉ. रुबीना मुल्लांनी मान्य केलं. जलमेंदू त्यांनीच घडवला होता. "पण आप्पा, प्रत्येक गावानं आपापली दारं उघडली, तर सगळं पाणी एकदम खालच्या शहरावर जाईल. पूर नाहीसा करता येत नाही, कुठे तरी थोपवावाच लागतो. जलमेंदू गावोगावचं जुनं नुकसान बघतो, आणि जिथे ते सगळ्यांत कमी, तिथे थोपवतो. तो वशिला बघत नाही."

"आमचं कमी?" आप्पा हसले. "बाई, गेल्या साली माझ्या दोन म्हशी दाव्यालाच..." ते थांबले. "जाऊ द्या. बोलायचं न्हाई ते."

डॉ. मुल्लांनी वाघजेची नोंद उघडली. शून्य. त्याआधीच्या साली शून्य. थेट पहिल्या सालापर्यंत शून्य. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"गावानं काही कळवलं नसेल, तर इथे 'माहिती नाही' असं हवं. अशा गावात जलमेंदू पाणी अडवतच नाही. शून्य म्हणजे नुकसान झालंच नाही. पहिल्या साली हे कुणी तरी हातानं भरलंय. पुढे तेच चालू राहिलं."

वैजयंताला पहिल्या सालचा तो रकाना आठवला. 'माहिती नाही' लिहिलं की खाली कारण द्यावं लागे. आमच्या गावात नदी लेक आहे, तिनं नेलेलं मोजत नाहीत, हे कारण शहरातल्या सहकाऱ्यांपुढे लिहायची नव्या नोकरीत तिला लाज वाटली होती. नंतर दर पुराला गाव बुडताना दिसे, आणि ती नजर वळवून दुसरं काही तरी उघडून बसे.

"कुणी का भरंना," आप्पा पुटपुटले. "चूक आमचीच असंल. बाया म्हनत्यात, लेक रुसली, ओटीत काय तरी कमी पडलं. औंदा सगळं गाव कमरंएवढ्या पाण्यात हुबं ऱ्हाऊन तिची माफी मागून आलं. म्हातारीकोतारीसुदिक."

वैजयंता उठली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडी गावची बोली आली.

"लेक रुसली न्हाई, आप्पा. ते शून्य म्या भरलं."