उत्तर नाही

घरात तिला सगळे 'वकीलसाहेब' म्हणत, कारण ती कुणाचं ऐकून घेत नसे. इतिहासाची पदवी घेतली आणि जुन्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी लागली. काम सोपं होतं. गोऱ्या सरकारच्या काळातले कागद ब्रशने झटकायचे, काचेखाली सपाट करायचे, स्कॅन करायचे, पान उलटायचं. उंच खिडक्या, लोखंडी मांडण्या आणि कुबट वास. सोबतीला निवृत्तीला टेकलेले रेकॉर्डकीपर.

"या धुळीत माझे केस गेले. तू स्कार्फ बांधतेस ते बरं करतेस," ते म्हणत.

तिचं लक्ष मात्र एकाच कागदावर होतं. गावच्या मशिदीत मुलांना शिकवणाऱ्या तिच्या खापरपणजोबांना गोऱ्यांविरुद्धच्या उठावानंतर फाशी झाली होती. पाठ्यपुस्तकात त्या उठावाला दीड ओळ मिळाली होती, तीही 'धर्मवेड्यांचा दंगा' म्हणून. वर्गात ती ओळ वाचली गेली की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळत. दादी अजून गावातच राहायची. ती एवढंच सांगे, "त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही." हिला ते कधी पटलं नाही. मरायचंच होतं, तर चार शब्द सुनावून तरी मरायचं!

तिसऱ्या आठवड्यात खापरपणजोबांची जबानी सापडली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. एकवीस प्रश्न, आणि प्रत्येकासमोर तेच दोन शब्द: उत्तर नाही.

'तुम्हाला कोणी चिथावलं?' उत्तर नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हीच!" ती कागदावर खेकसली. "आमची जमीन घेतलीत, वर आम्हालाच विचारता?"

रेकॉर्डकीपरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाशी भांडतेस गं?"

"साहेबाशी."

"शंभर-सव्वाशे वर्षं उशीर केलास, बाई."

दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी स्कॅन पडताळायला तिने तेच पान काढलं. त्या प्रश्नासमोर आता साहेबाच्या भाषेत, त्याच तिरप्या अक्षरात, त्याच विटलेल्या तपकिरी शाईत लिहिलेलं होतं: 'तुम्हीच. आमची जमीन घेतलीत, वर आम्हालाच विचारता?'

तिने कालचा स्कॅन उघडला. त्यातही तेच होतं. काल आपणच नीट वाचलं नसेल, असं तिने स्वतःला बजावलं. मग तिची नजर खाली गेली.

प्रश्न एकवीस होते. आता तेवीस झाले होते.

'मध्येच बोलणारी ही कोण?'

'तिचं गाव कोणतं?'

दोन्हींसमोरची जागा कोरी होती.

एकवीस वेळा गप्प राहिलेला तो माणूस तिला पहिल्यांदाच दिसला. त्याला बोलता येत होतं. चार शब्द सुनावताही आले असते. पण पाठीमागे गाव होतं, मशिदीत शिकणारी पोरं होती, आणि समोर लेखणी उचलून कोणीतरी वाट पाहत बसलं होतं.

तिने ओठ घट्ट मिटले. जबानीचं बाड बंद करायला हात पुढे केला, तोच दार वाजलं. नवे अधिकारी फेरीवर आले होते.

"या नवीन का? कुठल्या तुम्ही?"

तिने नुसती मान हलवली.

"गाव कुठलं म्हणतोय मी."

तिने तळहात त्या पानावर दाबून धरला. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी चढली.

रेकॉर्डकीपरांना तिची दया आली. "लाजतेय, साहेब," ते हसून म्हणाले. तिने झटकन त्यांच्याकडे वळून मान जोरजोरात हलवली. पण ते अधिकाऱ्यांकडेच पाहत होते, आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं. वर नदीपलीकडे, टेकडीखाली, असा पत्ताही दिला.

अधिकारी मान डोलावून पुढे गेले.

तिच्या तळहाताला गार ओल लागली. तिने हात उचलला.

तेविसाव्या प्रश्नासमोर शाई अजून चमकत होती. तिच्याखाली, ती पाहत असतानाच, एकेक अक्षर उमटत होतं: 'जबानी पूर्ण. तुकडी रवाना.'