मुका पंप

मझनीने राजीनाम्याचा कागद खासगी गुप्तहेर सिउकिमच्या टेबलावर आपटला. खाली सही नव्हती.

"गुन्हा कबूल करून गुपचूप निघून जा म्हणतात. मी नाही जाणार."

मलेशियातल्या पिनांगच्या एका कारखान्यात रुग्णांना थेंबाथेंबाने औषध देणारे पंप बनत. त्यांची संगणकप्रणाली तपासून तिच्यावर सांकेतिक सही करणं हे मझनीचं काम. सही नसली की पंप सुरूच होत नसे. तरीही इस्पितळातल्या पंपांचा धोक्याचा गजर कुणीतरी मुका केला होता आणि एक म्हातारी मरता मरता वाचली होती. सहीची किल्ली मझनीकडे, म्हणून आळही तिच्यावरच.

ती गेल्यावर जमील म्हणाला, "मग हिनेच केलं असणार." पोलिसातून निवृत्त झालेला हा गृहस्थ सिउकिमचा सोबती. पहिला संशय त्याला नेहमीच पुरे व्हायचा.

सिउकिमने जमीलला घेऊन इस्पितळ गाठलं. पंपांची देखभाल करणाऱ्या सेल्वनने सांगितलं, की गजर उगाच वाजतो म्हणून इस्पितळ पंप परत करायला निघालं होतं. मग कारखान्याकडून नवी प्रणाली आली, ती त्याने भरली. तेव्हापासून पंप सुरू होताना आधी कंपनीचं जुनं निळं चिन्ह दिसतं, मग नवं हिरवं. पडदा बिघडला असेल, असं म्हणून जमीलने विषय सोडून दिला.

कारखान्यात व्यवस्थापक तेओने दोघांना आग्रहाने कोपी, म्हणजे तिथली कडक कॉफी, पाजली. किल्लीशिवाय हे जमेल का, एवढंच सिउकिमने विचारलं.

"छे, गाभ्यातलं ते भोक आम्ही केव्हाच बुजवलंय."

पंप सुरू होताना सगळ्यात आधी चालतो आणि बाकीच्या प्रणालीची सही तपासतो, तो गाभा. त्यातल्या भोकाबद्दल मझनीला विचारलं, तेव्हा ती चमकली. ते तिनेच शोधलं होतं आणि फक्त तेओला सांगितलं होतं. नव्या गाभ्यात भोक बुजवलं तरी जुन्या गाभ्याची सही रद्द करा, असा तिचा हट्ट होता. तेओने ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले.

"निळं चिन्ह जुन्या गाभ्याचं," सिउकिम म्हणाली. "त्याची सही खरी, म्हणून पंपाने त्याला आत घेतलं. त्याने आतल्या भोकातून बिनसहीची प्रणाली चालू केली, ती हिरवी. किल्ली कुणी वापरलीच नाही."

"पण भोक तर मझनीलाही ठाऊक होतं," जमील म्हणाला.

"जिच्याकडे किल्ली आहे, ती भिंत फोडून कशाला येईल? सेल्वनला भोक माहीत नव्हतं. उरले तेओसाहेब. पंप परत आले असते तर जबाबदारी त्यांच्यावर आली असती."

तेओने मान खाली घातली.

मालकीणबाई सावकाश बोलल्या. तेओला काढू, त्याची जागा मझनीला देऊ, फक्त गोष्ट या खोलीबाहेर जायला नको.

"जुना गाभा आजही प्रत्येक पंप आत घेतो," मझनी म्हणाली. "सगळ्या इस्पितळांना कळवावं लागेल."

"कारखाना बुडेल, पोरी."

मझनीने टेबलावरचा फोन ओढला आणि ती इस्पितळाचा नंबर फिरवायला लागली. तेओ फोनकडे झेपावला. जमीलने त्याचं मनगट धरलं आणि त्याला परत खुर्चीत बसवलं.

"बोल तू," तो मझनीला म्हणाला.