क्रूस पुसणारी माणसं

रोमच्या गरीब वस्तीतल्या छपरांवर रंगवलेले क्रूस सकाळी पुन्हा पुसलेले निघाले. सलग अकराव्या दिवशी. बाणेरच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर निरंजन खांबेट्यांनी कपाळाला हात लावला आणि वहीत दोष क्रमांक चारशे बारापुढे आणखी एक फुली मारली.

रोम अर्थातच संगणकात होतं. शाळांतून इतिहासाचं पुस्तक जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलं आता इतिहास खेळत, आणि त्यातही नापास होत. खांबेट्यांच्या 'महासम्राट' या खेळात मुलाने सम्राट व्हायचं, रस्ते बांधायचे, शेजाऱ्यांना झोडायचं आणि नवे धर्म आले की त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. शुक्रवारी तो अकरा हजार शाळांत जाणार होता. फक्त इतिहासतज्ज्ञाचा 'अचूकता-दाखला' बाकी होता, आणि तो रेजिना तुस्कानोच्या सहीवाचून मिळत नव्हता.

रेजिना वसईची. तिशीची, बारीक चणीची, गळ्यात आजीच्या सोन्याचा इवलासा क्रूस. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची चिन्हं हा तिचा अभ्यास. आजवर घरच्यांनी या अभ्यासाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "याला नोकरी असते का?"

"पहिल्या शतकात छपरावर क्रूस? मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अहो मॅडम, पण मुलं त्या ख्रिस्ती लोकांना ओळखणार कशी?" खांबेटे कळवळले. "आधी तुम्ही सांगितलंत तसा मासाच काढला होता. चाचणीला आलेल्या मुलांना वाटलं मासळीबाजार आहे. एकाने तिथे बर्फाचा कारखाना काढला! आणि तुम्ही वसईच्या, तुम्हाला सगळीकडे मासेच दिसणार."

"आम्ही केळीवाले. मासेवाले शेजारी," रेजिना शांतपणे म्हणाली. "सर, मंडईच्या चौकात रोज माणसं फासावर चढत असती, तर वहिनींनी फासाचा दोर सोन्यात घडवून गळ्यात घातला असता?"

खांबेट्यांनी क्षणभर विचार केला. "तिचा काही नेम नाही."

"क्रूस म्हणजे तेव्हा फासाचा खांब होता. रस्त्याच्या कडेला रांगेने उभा, आणि त्यावर कुणाचा तरी भाऊ. ते लोक जहाजाचा नांगर काढत, मासा, कबुतर, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. क्रूस अगदी नव्हताच असं नाही, पण विरळा. चौथ्या शतकात ती शिक्षा बंद झाली. बघितलेली माणसं गेली. मग क्रूस उजळ माथ्याने भिंतीवर आला."

"म्हणजे पुसतायत ते बरोबर करतायत," मागून आवाज आला. डॉक्टर ओवी शिरसाट दारात चहा घेऊन उभ्या होत्या. खेळातली माणसं त्यांनी घडवली होती, आणि खांबेट्यांना त्या कॉलेजपासून ओळखत होत्या. "निऱ्या, तुला दहा दिवस सांगतेय, हा दोष नाही."

"मला नीट सांगाल का? संगणकातलं मला शून्य कळतं," रेजिना म्हणाली.

"सोपं आहे. पूर्वी खेळातली माणसं म्हणजे कळसूत्री बाहुल्या. ही 'स्मृतिजन' आहेत. प्रत्येकाला आठवण आहे, आणि ती थोडी थोडी मुलांकडे जाते. भीती तर नक्कीच जाते. आजोबांनी एखादी गोष्ट पाहून किंकाळी फोडली असेल, तर नातू तिच्याकडे पाठ करून बसतो. ती गोष्ट पुन्हा घडली नाही, तर दर पिढीला भीती निम्मी होते. दोन पिढ्यांत ती इतकी विरते की तिची गोष्ट होते. मग गाणं होतं. मग दागिना."

"आणि पुसणाऱ्यांचं तुम्ही काय करता?"

शिरसाटबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "वजाबाकी," त्या म्हणाल्या.

वजाबाकी म्हणजे असं: माणसं वाढली की संगणक जड होई. मग पडद्यावरचा माऊसचा बाण जास्तीच्या माणसांवर नेऊन टिचकी मारायची, की माणूस नाहीसा. हल्ली त्यात क्रूस पुसणाऱ्यांचा नंबर पहिला लागत होता.

"त्यांना तो बाण दिसतो?"

"दिसायलाच हवा," खांबेटे म्हणाले. "नाहीतर सम्राटाचा हुकूम कुठून आला हे कळणार कसं?"

रेजिनाने पेन बंद करून पर्समध्ये ठेवलं. "पैज लावू. छपरं कोरी करा आणि खेळ पळवा. अर्ध्या मिनिटाला एक वर्ष. त्यांना चिन्हं शिकवायची नाहीत. क्रूस चौथ्या शतकाआधी घरोघरी दिसला, तर मी डोळे मिटून सही करते. नाही दिसला, तर मी सांगेन ते तुम्ही करायचं."

खांबेट्यांना शुक्रवार दिसत होता. त्यांनी हात पुढे केला.

पुढचे तीन तास कचेरीत कुणी दुसरं काम केलं नाही; फक्त संगणक जड झाला की खांबेटे बाणाने वजाबाकी करत. तिसाव्या मिनिटाला एका थडग्यावर नांगर उमटला. रेजिना खुर्चीवर उभी राहिली. मग भुयारात मासा आला, मग कबुतर. एका कोपऱ्यात खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आला, जरा तिरळा, पण आला. "आला रे मेंढपाळ!" म्हणून हिशेबनीस ओरडला, त्याला त्यातलं काहीही कळत नव्हतं. चौथं शतक लागलं. खेळातल्या सम्राटाने क्रूसाची शिक्षा रद्द केली. सगळे श्वास रोखून बसले. वीस वर्षं काही नाही. चाळीस वर्षं काही नाही. आणि साठाव्या वर्षी एका बाईने आपल्या दारावर, कुणी न सांगता, हळद लावावी तितक्या मायेने एक छोटा क्रूस काढला.

कचेरीत वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आरडाओरडा झाला. खांबेट्यांनी भर सभेत चारशे बारावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'दोष आमचा.'

"बोला, काय करायचं?"

"वजाबाकी बंद. कायमची."

"संगणक जड होईल."

"नवा घ्या."

खांबेट्यांनी शिरसाटबाईंकडे पाहिलं. त्या आधीच वजाबाकीचं बटण काढून टाकत होत्या. पुन्हा टाळ्या. रेजिनाने वसईहून आणलेला सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा फोडला आणि लपेटदार सही ठोकली. खेळ तसाच पळत राहिला, लग्नघरात कोपऱ्यात सनई चालू राहते तसा.

अर्ध्या तासाने हिशेबनीस तोंडात सुकेळं धरून म्हणाला, "हे नवीन काय?"

पडद्यावर सणाचा दिवस होता. शेकडो माणसं नवे कपडे घालून गात निघाली होती. पुढे एक मुलगी होती, आणि तिच्या गळ्यात काहीतरी चमकत होतं. शिरसाटबाईंनी चित्र मोठं केलं. क्रूस नव्हता. एक छोटंसं टोक होतं, वर डावीकडे झुकलेलं, खाली आखूड शेपटी.

"बाण," खांबेटे पुटपुटले. "आपला बाण."

"वजाबाकी बंद होऊन किती वर्षं झाली?" रेजिनाने विचारलं.

शिरसाटबाईंनी आकडा बघितला. "साठ."

रेजिनाचा हात आपसूक गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला.

"मॅडम," खांबेट्यांनी अगदी हळू विचारलं, "हे... अचूक आहे?"

"तंतोतंत," ती म्हणाली.

खांबेट्यांना तो बाण लोकांच्या डोक्यावरून बाजूला घ्यायचा होता. त्यांनी माऊस जरासा सरकवला. आख्खी मिरवणूक वळली आणि गात गात बाणामागे आली. चटका बसावा तसा त्यांनी हात काढून घेतला. बाण एका उघड्या माळावर थांबला.

तिथे त्या लोकांनी प्रार्थनाघर बांधायला घेतलं.

खेळ शुक्रवारी शाळांत गेला आणि फार गाजला. पण बाणेरच्या कचेरीतल्या त्या माऊसला अजून कुणी हात लावलेला नाही. टेबल पुसणाऱ्या मावशीसुद्धा त्याच्या कडेकडेने फडकं फिरवतात.