सहीपुरता कागद

त्यांना सगळे सहीवाले काका म्हणायचे. जुन्या कामगार पुढाऱ्यांची सही केलेली पत्रं जमवायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. पत्रं म्हणायचं आपलं. अल्बमच्या कप्प्यात अख्खा कागद मावत नाही, म्हणून काका सहीपुरती बोटभर पट्टी कापून घ्यायचे आणि मजकूर रद्दीत टाकायचे. "ती रडगाणी कोण वाचतंय?" म्हणायचे.

सोमवारी दुपारी एका विणकराची मुलगी दारात उभी राहिली. पन्नाशीची बाई.

"काका, बाबांचं पत्र फोटो काढून परत देतो म्हणाला होतात. आठ महिने झाले. युनियनवाले संपातल्या लोकांच्या नावांची पाटी लावतायत. बाबांना अजून फितूर म्हणतात हो. ते तसे नव्हते, असं पुढाऱ्यांनी लिहून दिलेलं ते एकच पत्र. शुक्रवारी दाखवायचंय."

"आहे ना! जपून ठेवलंय," काका म्हणाले. ती गेल्यावर त्यांना आरशात बघवेना. कात्री त्यांनीच चालवली होती.

त्यांनी अल्बम उघडला. सहीच्या वर 'आपला' असा शब्द होता. कापताना राहिला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण पट्टी दोन बोटं रुंद झाली होती.

मंगळवारी वर तीन ओळी आल्या. तोच पिवळट कागद, तीच निळी शाई. बुधवारी अख्खं पत्र झालं आणि कप्पा फाटला. काकांची पाचावर धारण बसायला हवी होती, पण त्यांना हायसं वाटलं. सुटलो, तिला कळणारही नाही! आणि असं वाटल्याचीच लाज वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र वाचायचं धाडस काही झालं नाही.

शुक्रवारी युनियनच्या कचेरीत त्यांनी घडी केलेलं पत्र बाईच्या हातात दिलं.

ती वाचता वाचता थांबली.

"मोठ्याने वाचा," कारकून म्हणाला.

"'या माणसाने कुणाचा विश्वासघात केलेला नाही. मी याला ओळखतो.'" तिने कागद काकांपुढे सरकवला. "नाव तुम्हीच वाचा."

काकांचं नाव होतं. आडनावासकट.

"इथे बाबांचं होतं," ती म्हणाली.



कारकुनाने सही निरखली. "सही तर खरी आहे." मग यादीत विणकरासाठी मोकळी सोडलेली ओळ त्याने काकांच्या नावाने भरून टाकली.

"संपात होतात होय काका? कधी बोलला नाहीत!" तो म्हणाला.

काका तेव्हाही बोलले नाहीत.