पश्चिमेची भिंत

जतच्या माळावरच्या शुष्कभूमी निवास केंद्रात, पाचव्या उन्हाळ्यात, उल्का बाबरने चार दिशांना बांधलेल्या चार चाचणी-भिंतींपैकी तीन कोसळल्या. त्या दुपारी डॉ. यशोधन खरातला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

दोघं एकाच वर्षी केंद्रात रुजू झाले होते. यशोधनने निवडुंगाच्या सालीवरून छताचं कापड बनवलं होतं, दिवसा छिद्रं मिटून घेणारं. चांगलं होतं ते. पण पाहुणे यायचे ते उल्काचा ‘जिवंत गिलावा’ पाहायला. वारुळाला भोक पडलं की वाळवी ते बुजवते. उल्काने वाळवीऐवजी चुना तयार करणारे जंतू मातीत कालवले होते. कोरड्या मातीत ते बीजाणू होऊन झोपत. तडा गेला की पहाटेचा दमटपणा आत शिरे, जंतू जागे होत आणि चुन्याने तडा भरून पुन्हा झोपत. सिमेंट नको, पाणी मारायला नको. सातशे घरं याच गिलाव्याची होणार होती.

“बीजाणू मेलेत,” बैठकीत उल्का म्हणाली. “तीन भिंतींत एकही जिवंत नाही. इथल्या उन्हात इतकी वर्षं नुसतं झोपून राहणं त्यांना झेपलं नाही. पण पश्चिमेच्या भिंतीत सुरुवातीपेक्षा चौपट आहेत.”

“ते कसे?” संचालक मुलाणी मॅडमनी विचारलं.

“पश्चिमेचा वारा थोडा दमटपणा आणत असावा. घरांच्या भिंती त्या वाऱ्याला धरून बांधल्या तर टिकतील, असं वाटतं.”

“मग आराखडा तसाच करू. हा शोध तर आधीच्याहून मोठा ठरेल, उल्का!”

यशोधनची कानशिलं तापली. तो गप्प राहिला असता, तर पाच वर्षांनी सातशे घरं बसली असती आणि उल्काचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं. त्या घरांत माणसं असणार, हेही त्याला कळत होतं. पण त्याला बोलतं केलं ते त्या कळण्याने नव्हे. भिंत टिकवली त्याने, आणि सत्कार पुन्हा हिचाच?

“वाऱ्याचा काही संबंध नाही,” तो ताडकन म्हणाला. “ती भिंत माझ्यामुळे उभी आहे. मागच्या बाजूने मी तिच्यावर खिळ्याने ओरखडे काढायचो. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“कशासाठी?”

“पडावी म्हणून.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उल्काने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती समोरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

“दर ओरखड्याला ते जागे झाले,” ती सावकाश म्हणाली. “जागे झाले म्हणून वाढले, आणि ताजे बीजाणू मागे ठेवून झोपले. बाकीच्या तिन्ही भिंतींना मी तळहाताच्या फोडासारखं जपलं. म्हणून त्या मेल्या.”

“म्हणजे प्रत्येक घराला नेमाने ओरखडावं लागणार,” मॅडम म्हणाल्या. “किती दिवसांनी? खरात, तारखा आहेत?”

त्याला सगळ्या पाठ होत्या. तो सांगत गेला, उल्का लिहीत गेली. दहाबारा झाल्यावर तिचा हात थांबला. तिने फोनमधली दिनदर्शिका उघडली.

“तीन ऑगस्टला माझी शिष्यवृत्ती जाहीर झाली. नऊ जानेवारीला पेपरात मुलाखत.” ती आणखी खाली सरकली. “पण सव्वीस नोव्हेंबरला? त्या दिवशी तर माझं काहीच नव्हतं.”

यशोधनने मान खाली घातली.

“त्या दिवशी तू व्हरांड्यात उभी राहून हसत होतीस.”