आ केलेला राजा

दार लोटून घे. कडी नको लावूस, राहू दे. जवळ सरका.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत संसार. मेहुणा इतका गरीब स्वभावाचा, की डास मारला तरी त्याचं तोंड पडायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढे आळ आला तो नेमका त्याच्यावरच.

तेवीस नोव्हेंबरची संध्याकाळ. दातांचे एक डॉक्टर जुनं छापील चित्र घेऊन आले. काचेला तडा गेला होता, नवी बसवायची होती. चित्रात ऑपेरातला, म्हणजे विलायती संगीत नाटकातला, गायक. राजाचा वेश, तोंडाचा हा एवढा आ, दोन्ही हात पुढे.

“आमचे आजोबा,” डॉक्टर म्हणाले. “दवाखान्यात लावतो. आ कसा करायचा ते पेशंटना कळेल.”

मेहुणा हसला. डॉक्टरही हसले, मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “फार मोठं नाव होतं त्यांचं. या खेळात राजा राणीचा गळा दाबतो. एका रात्री गाता गाता त्यांनी खरंच दाबला. राणी झालेली बाई रंगमंचावरच गेली... आणि लोक टाळ्या वाजवत होते.”

रात्री साडेदहाला मेहुण्याने शटर अर्धं ओढलं. तडकलेली काच सुटी केली, चित्र टेबलावर उघडंच ठेवलं आणि हात धुवायला मागे गेला. बहीण पुढे काचेचा चुरा झाडत होती.

तेवढ्यात त्याला सूर ऐकू आला. पुरुषाचा. एकच, लांबलचक.

“रेडिओ लावलास का गं?”

पुढे झाडण्याचा आवाज थांबला.

झाडू पडला. मग टाचा आपटल्याचा आवाज... भिंतीवर.

तो धावला.

बहीण भिंतीला चिकटली होती. पाय जमिनीला लागत नव्हते. गळ्यावर खड्डे पडत होते... बोटांचे. समोर कुणी नाही. आणि ती दोन्ही हातांनी समोरची हवा ओरबाडत होती.

मेहुणा झेपावला. कशाचा तरी तडाखा बसला. तो काचांवर जाऊन पडला, तळहात फाटला. सूर चढतच होता. बहिणीचं तोंड निळं...

त्याची नजर टेबलावर गेली. कापायची सुरी उचलली. चित्रातल्या राजाचे दोन्ही हात मनगटापासून कापले. एक. दुसरा.

सूर तुटला.

बहीण धाडकन खाली कोसळली.

श्वास चालू आहे का, हे बघायला तो तिच्या मानेवर वाकला, आणि नेमका तेव्हाच शेजारचा इस्त्रीवाला शटर उचलून आत आला. त्याला काय दिसलं? खाली पडलेली बायको. तिच्या गळ्यावर नवऱ्याचा रक्ताळलेला हात. दुसऱ्या हातात सुरी. त्याने शटर ओढायची सळई सरळ मेहुण्याच्या डोक्यात घातली. पुढचं पोलिसांनी केलं. रात्रभर.

“मी सोडवत होतो हो... सोडवत होतो.” एवढंच तो म्हणत होता. कोण ऐकतंय?

बहीण वाचली. आवाज मात्र गेला तो गेलाच. मेहुणाही सुटला. पण का सुटला, ते ऐका.

सकाळी मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी होतो. ती अजून शुद्धीवर नव्हती. फौजदार आले होते, थोडे गोंधळलेले. तिच्या बोटांवरून झटापट झालेली दिसत होती, पण नवऱ्याच्या अंगावर नखाचा एक ओरखडा नाही. त्यांनी नर्सबाईंना नखं तपासायला सांगितलं.

नर्सबाईंनी नखाखालून काहीतरी काढलं. बोटांत चोळून बघितलं.

“साहेब, हे कातडं नाही. रक्तही नाही.”

“मग?”

“रंग आहे. नाटकवाले तोंडाला लावतात ना, तो.” त्या माझ्याकडे वळल्या. “घरात कुणी नाटकात काम करतं का हो?”

मी बहिणीचे दोन्ही हात उलटून बघितले.

दहाही नखांत होता तो रंग.

आणि... अजून ओला होता.