दीड सूर खाली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही असल्या गोष्टींना हसायचो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, भर दुपारी, रिकाम्या थिएटरात.

एकोणतीस वर्षं मी एका रॉक बँडच्या गिटारी लावायचो. तारा बदलायच्या, सूर जुळवायचे, वाजवणाऱ्याच्या हातात द्यायच्या. बँडचं नाव सांगत नाही. तुमच्या घरातलं कुणीतरी त्यांची गाणी ऐकतच मोठं झालंय, एवढं पुरे.

गायकाला आम्ही दादा म्हणायचो. काय आवाज होता! शेवटच्या कडव्यात त्यानं वरचा सूर लावला की पंचवीस हजार माणसं चिडीचूप व्हायची.

शेवटच्या दौऱ्यात तो सूर लागेना.

पण सांगणार कोण? दादाचे कान चाळीस वर्षांच्या दणदणाटात केव्हाच कामातून गेले होते. बाकीच्यांनी ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात मारलं. मी सगळ्या गिटारी अर्धा सूर उतरवल्या, म्हणजे अख्खं गाणंच खाली येऊन तो सूर त्याच्या आवाक्यात यावा. मग आणखी अर्धा. शेवटी दीड.

दादा रोज विंगेत येऊन मला मिठी मारायचा. "बघितलंस? अजून लागतो!"

"तुझा काय, नव्वदीतही लागेल," मी म्हणायचो. माणूस खूश होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दौरा संपला आणि पाच आठवड्यांत दादा गेला.

वर्षभरानं त्याच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला. गाणार होती त्याची मुलगी. तिच्या घशाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. वरच्या पट्टीत गायलीस तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काका, खालच्या पट्टीत लावा हं," ती म्हणाली.

त्यात तर माझा हात बसलेला. सकाळीच चारही गिटारी दीड सूर खाली लावून स्टेजमागच्या खोलीत स्टँडवर ठेवल्या आणि जेवायला गेलो.

परत येऊन तार छेडली...

चारही गिटारी मूळ पट्टीत होत्या.

"चेष्टा बास झाली," मी गिटारवाल्याला म्हणालो.

"माझ्याकडे काय बघतोस? मी आत्ता येतोय."

तो कपडे बदलायला गेला. मी पुन्हा सगळ्या उतरवल्या आणि समोरच खुर्ची टाकून बसलो. खोलीत पंखासुद्धा बंद होता.

मग... कर्र.

एका गिटारीची खुंटी फिरत होती. आपोआप. सावकाश...

मग दुसरीची. तिसरीची. तारा ताणल्या जाऊन कण्हायला लागल्या. एक तुटली आणि सपकन माझ्या गालावर बसली. रक्त आलं.

"दादा?"

मी असं का म्हणालो, माहीत नाही. पण सगळं एकदम थांबलं. कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघतंय, असं वाटलं.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही.

नवी तार घातली, पुन्हा सगळ्या उतरवल्या, ट्यूनरवर दोनदा तपासल्या. साडेतीनला साउंड चेक सुरू झाला. मी विंगेत उभा होतो. ती हळू आवाजात, छान गात होती. मला हायसं वाटलं.

शेवटचं कडवं आलं...

तिच्या तोंडून आवाज आला तो दादाचा.

तिशीतल्या दादाचा. मूळ पट्टीतला.

गिटारवाल्यानं हात काढून घेतला. ड्रमवाला थांबला. गाणं थांबेना. ती दोन्ही हातांनी गळा धरून माझ्याकडे बघत होती. तिला तोंड मिटायचं होतं... मिटत नव्हतं.

"दादा, सोड पोरीला!" मी ओरडलो. "मीच उतरवत होतो गिटारी! तुझा सूर लागत नव्हता रे!"

आवाज तुटला. ती मटकन खाली बसली.

कार्यक्रम रद्द झाला. ती आता फक्त कुजबुजते. डॉक्टर म्हणतात, ताण पडला.

गेल्या गुरुवारी तिला भेटायला गेलो. तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी पुटपुटली, "काका, त्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही काय ओरडत होतात? बाबा एवढे कशावर चिडले होते?"

तिचा चेहरा बघून माझा धीर सुटला.

"मला काय माहीत, बाळ," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी उठलो तर माझ्या घशातून आवाजच निघेना. आज सहावा दिवस आहे. डॉक्टरांना काही सापडत नाही. तिला सांगायचं ते आता बोलून सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.